दार घट्ट लावा

घरघंटीच्या कारखान्यात कितीही झाडलं तरी कुठल्यातरी फटीत पीठ राहतंच. किस्स्यांचंही तसंच. आम्ही जुने लोक कुणाच्या लग्नात भेटलो, की एकाने नुसती फट उकरायची. पंगत उठेपर्यंत पुरतात!

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. शिक्षण दहावी, टायपिंग बरं, बाकी काही नाही. आम्ही घरघंटी, म्हणजे घरात दळायची विजेवरची चक्की बनवायचो. प्रत्येक चक्कीसोबत एक माहितीपुस्तिका जायची. ती लिहायचे आमचे इंजिनिअर, जोगळेकर साहेब. माणूस सोन्यासारखा. पण त्यांचं वाक्य सातपूरहून निघायचं आणि सगळं शहर ओलांडून द्वारकेला पोचलं तरी क्रियापद भेटायचं नाही!

एकदा त्यांनी लिहून दिलं, ‘यंत्र कार्यान्वित करण्यापूर्वी द्वार पूर्णतः अवरुद्ध असल्याची खातरजमा करावी.’ मी दोनदा वाचलं आणि टाइप केलं, ‘दार घट्ट लावा, नाहीतर चक्की सुरू होणार नाही.’

साहेबांनी कागद उजेडात धरला. “बाई, हे चक्कीचं आहे की गोठ्याचं?”

मालक मागेच उभे होते. ते म्हणाले, “राहू द्या साहेब. मला हे कळलं!”

---

पुढे कॉम्प्युटर आला. मालकांनी मला बोलावलं. “बाई, टाइपरायटर काढून टाकतोय. आता टायपिस्ट नको. पण पुस्तिका लिहिणारं कुणीतरी हवंय. दिवाळीत ‘चालू कशी करायची?’ म्हणून फोनवर फोन येतात. यंदा ते थांबले, तर रायटर म्हणून कायम करतो. नाही थांबले तर...”

वाक्य त्यांनी अर्धं सोडलं. मला अर्धंच पुरलं. दहावी शिकलेल्या टायपिस्टला आता दुसरी नोकरी कोण देणार होतं?

मग मी शिकायला लागले. चक्की उघडून बघितली, जाड-बारीक दळायच्या जाळ्या बदलून बघितल्या. कॉम्प्युटर मला जोगळेकर साहेबांनीच शिकवला. त्यांचंच काम माझ्याकडे येत होतं, तरी शिकवला. फक्त रोज एकदा म्हणायचे, “माउसला घाबरू नका बाई, तो पीठ खात नाही!”

---

साहेबांचा एक नियम होता. ज्याने चक्की कधी पाहिली नाही अशा माणसाला पुस्तिका वाचून दाखवायची, आणि तो काय करतो ते गप्प बसून बघायचं. मध्ये बोलायचं नाही!

पहिला प्रयोग माझ्या सासूबाईंवर. साहेब आमच्या घरी चक्की आणि घड्याळ घेऊन बसले. मी वाचलं, “धान्य स्वच्छ निवडून घ्या.”

सासूबाईंनी सूप घेतलं. गहू निवडायला बसल्या. शेजारच्या काकूंना हाक मारली, त्याही आपलं सूप घेऊन आल्या. गप्पा रंगल्या. नियमाप्रमाणे आम्ही दोघं गप्प! साहेबांचा तीनदा चहा झाला.

शेवटी सासूबाई उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, “मशीन छान आहे हो तुमचं. पण आज उशीर झाला. आज गिरणीतूनच आणते दळून!”

---

आमचा मेकॅनिक राजाराम देवळ्याचा, बोलीही तिकडचीच. एकदा सायखेड्याहून दुरुस्ती करून आला आणि टेबलावर एक बंद पडलेलं बटण ठेवलं. आत कुंकू भरलेलं! नवी चक्की घरात आली की बायका पूजा करणार, आणि कुंकू नेमकं बटणावर लावणार.

मी म्हटलं, “साहेब, पुस्तिकेत लिहू या.”

“टेक्निकल पुस्तिकेत कुंकू? बाई, मी इंजिनिअर आहे!”

थोड्याच दिवसांनी खंडेनवमी आली. कारखान्यात नवं मशीन आलं होतं. पूजेचा मान साहेबांचा. त्यांनी हात जोडले, कुंकू घेतलं आणि डोळे मिटून ठसठशीत बोट लावलं. थेट स्टार्टरच्या बटणावर!

राजाराम फक्त स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढे झाला.

दसऱ्यानंतर साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, ‘कुंकू दारावर लावा. बटणावर नको.’ त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात छोटी वाक्यं!

---

एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, “एवढी महाग वस्तू, आणि इंग्लिश पुस्तक नाही?” म्हणून साहेबांनी हौसेने इंग्रजी पुस्तिकाही लिहिली. काही दिवसांनी राजाराम त्याच घरी जाऊन आला.

“साहेब, तुमनं पुस्तक कपाटमा शे! प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, बाहुल्यांच्या शेजारी. बाईंचं चक्कीजवळ खिळ्याला टांगलंय, पार पिठाने माखलंय.”

मला फार बरं वाटलं. साहेब शांतपणे म्हणाले, “कपाटातलंच जास्त टिकतं!”

---

दिवाळी आली. मालकांनी फोन माझ्याच टेबलावर ठेवला. मुद्दामच असणार. तो वाजला की मी आधी पुस्तिका उघडायचे, मग उचलायचे. पण कुणी भाव विचारायचं, कुणी डीलरचा पत्ता. ‘चालू कशी करायची?’ कुणीच विचारेना.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मालक नवं मॉडेल घरी वापरायला घेऊन लवकर निघाले. जाताना म्हणाले, “आजचा दिवस काढा बाई.”

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून एका बाईंचा आवाज. “अहो, चक्की चालूच होत नाही!”

जोगळेकर साहेब चष्मा हातात घेऊन उभेच राहिले.

“ताई, पुस्तिका बघितली का?”

“कुठली बघू देतात? ह्यांनी काढून घेतली. म्हणाले, मला काय शिकवता! मघापासून नुसते बटण दाबताहेत. भाजणी तशीच पडलीय.”

फोनमधून, साहेबांनाही ऐकू जाईल असा, पुरुषी आवाज आला, “कुणाला फोन करतेस? मला सगळं कळतं!”

आवाज ओळखीचा होता. मी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

“ताई,” मी हळूच म्हटलं, “दार घट्ट लागलंय का बघा.”

खट्ट. मग घर्रर्र!

“अगं बाई, झाली चालू!”

आणि मागून तोच आवाज, “बघितलंस? केली की नाही मी चालू!”

दिवाळीनंतर मालक आले ते सरळ माझ्या टेबलाशी. कायम केल्याच्या ऑर्डरचं पाकीट ठेवलं. मी आभार मानेपर्यंत ते केबिनपाशी पोचलेही होते. तिथून वळून म्हणाले, “बाई, तो एक फोन धरायचा नाही हं!”

आणि आत जाऊन दार घट्ट लावून घेतलं.