सशाचं मुसकं

बोर्ली पंचतनच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. ती उतरवली एका सशाने.

मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांना एकच मुलगा, तोही जहाजावर. जाताना त्याने एक पांढरा ससा आईच्या हवाली केला होता, मी येईपर्यंत सांभाळ म्हणून. मुलाने विश्वासाने ठेवायला दिलेला, म्हणून खाला त्याला ससा म्हणतच नसत, अमानत म्हणत. मला हसू यायचं.

एके दिवशी बोक्याने त्या अमानतीच्या मांडीचा लचका तोडला. जखमेत पू झाला. गुरांच्या डॉक्टरांनी पेनिसिलीनच्या सुया सुरू केल्या, एक दिवसाआड. आणि बजावलं की औषध चुकूनही तोंडाने द्यायचं नाही, गवत भरपूर घालायचं, जखम चाटू द्यायची नाही आणि लेंड्यांवर नजर ठेवायची. मी विचारलं, सुई मांडीला आणि काळजी पोटाची, हे काय गौडबंगाल? ते म्हणाले, याच्या पोटात एक विरजण असतं, गवत त्याच्यावर पचतं. औषधाने ते बिघडू शकतं. लेंड्या थांबल्या की समजा आशा नाही.

विरजण! मला तर छंदच लागला. शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर मी सशाच्या खोक्यापाशी उकिडवी बसायचे. लेंडी काडीने फोडून आतला गवताचा चुरा बघायचे. खाला म्हणायच्या, मास्तरीणबायला नवा वर्ग मिळालाय.

पण एका पहाटे भलतंच पाहिलं. ससा मागे वाकला आणि बुडाला तोंड लावून मऊ, काळपट, द्राक्षाच्या घोसासारखं काहीतरी मटामटा खाऊ लागला. शी! आधीच आजारी, त्यात घाण खातोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं माहेर चौलकडचं, भातशेतीचं. मळणीत बैलाने दाण्याला तोंड लावू नये म्हणून मुसकं बांधायचं, हे मी जन्मापासून बघितलेलं. काथ्याचं एक इवलंसं मुसकं मी विणलं. दिवसा गवत खाताना सोडायचं, संध्याकाळी बांधायचं ते सकाळी उजाडल्यावर काढायचं. जखमही चाटणार नाही आणि घाणही खाणार नाही, एका दगडात दोन पक्षी. खाला एवढंच पुटपुटल्या, "खाऊ दे की गं, त्याचं तो जाणतो." मी त्यांना स्वच्छतेवर भाषण दिलं.

तीन सुया झाल्या. जखम सुकली, लेंड्या टणटणीत. मी शाळेत सगळ्यांना मुसक्याची कथा सांगून चुकले होते.

मग खालांची बहीण आजारी पडली आणि त्या खाडीपलीकडे आगरदांड्याला गेल्या. ससा माझ्यावर सोपवून. जाताना तीनदा मागे वळून बघितलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी लेंड्या बारीक झाल्या, वाळक्या. तिसऱ्या दिवशी एकही नाही. गवत पुढे धरलं तर तोंड फिरवायचा. पोट फुगलेलं, दात करकर वाजवत कोपऱ्यात बसलेला. डॉक्टर श्रीवर्धनला गेलेले. माझा जीव टांगणीला लागला. मेला तर त्या आईला काय तोंड दाखवू? मला रडूच फुटलं, आणि कधीतरी घाण खाऊनच हे झालं असणार म्हणून मी मुसकं आणखी घट्ट आवळलं.

चौथ्या दिवशी दुपारच्या लाँचने खाला परतल्या. बुरखासुद्धा न उतरवता खोक्यापाशी बसल्या. सशाच्या पोटावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "फजरला मुसका कोण सोडत होता?"

मला काही कळेना. कोणीच नाही, मी म्हटलं.

तेव्हा उलगडलं. खाला पहाटेच्या नमाजाला उठायच्या. वजूचे हातपाय धुण्याआधी खोक्याकडे जाऊन मुसकं सोडायच्या. नमाज होईपर्यंत त्याचं खाणं उरकायचं, की परत जसंच्या तसं बांधून ठेवायच्या. रोज. चार वर्षं त्याच्याकडे बघून त्यांना एवढं ठाऊक झालं होतं की ते त्याचंच विरजण, तो ते परत पोटात घालतो. मला का नाही सांगितलं, मी जवळजवळ ओरडलेच.

"तू इतक्या हौसेने विणला होतास, बाय."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा ससा रिकामा होत होता.

मुसकं चुलीत गेलं. खालांनी कोमट फडक्याने त्याचं पोट चोळलं, मी अंगणातली हरळी खुडून त्याच्या ओठाला लावत राहिले. संध्याकाळी त्याने दोन काड्या ओढल्या. पहाटे आम्ही दोघी खोक्यापाशी बसलो. खालांच्या ओठांवर दुवा, आणि मी, जिला शिसारी आली होती ती, श्वास रोखून वाट बघतेय की हा एकदाचा मागे कधी वाकतो. तो वाकला. मटामटा खाल्लं त्याने. थोड्या वेळाने चार लेंड्या पडल्या. त्या मी तळहातावर घेऊन खालांना दाखवल्या आणि आम्ही दोघी रडलो.

खालांना लिहिता-वाचता येत नसे, म्हणून मुलाला पत्रं मीच लिहायचे. त्या रविवारी खालांनी सांगितलं, लिही, अमानत आजारी होती, मास्तरीणबायनी वाचवली. मी हुज्जत घातली, हे खोटं आहे. त्यांनी ऐकलं नाही. म्हणून त्यांनी सांगितलं ते सगळं लिहिलं, आणि खाली माझ्या मनाने एक ओळ घातली, "मुसकं मी बांधलं होतं, जीव तुमच्या आईने वाचवला."

मग खाला म्हणाल्या, वाच बघू एकदा. मी पत्र वाचून दाखवलं, शेवटची ओळ सोडून.