गाळलेले चार परिच्छेद

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या मीटिंगमध्ये होतो. म्हणजे घरातच, कानाला हेडफोन लावून. कंपनी नागपूरची, मी जबलपूरला. फोन दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा उचलला. "प्रशांत, मधू गेली रे... आत्ताच, साडेनऊला." मी "आलोच" म्हणालो आणि उठलो नाही. खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही. चार दिवसांपूर्वी तिने मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर न देता वॉर्डातून बाहेर पडलो होतो. आता ते उत्तर माझ्यापाशीच राहणार, एवढं एकच मला त्या क्षणी कळलं.

माधुरीताई, म्हणजे भाऊजींची मधू, माझी चुलत बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. जबलपूरच्या घमापुरात आमची घरं एकाच गल्लीत. आजोबा भंडाऱ्याकडून इथल्या कारखान्यात कामाला आले, पुढे बाबाही तिथेच फिटर झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि इंग्रजी फक्त ताईकडे. ती पनागरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची, रोज बसने जायची-यायची. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला तो हिंदीतून. कोड मला वाचता यायचा, इंग्रजीचा परिच्छेद आला की मी अडखळायचो. हे ताईला कळलं ते एका गमतीशीर प्रसंगाने. परदेशातल्या कुणा प्रोग्रामरने आपल्या संकेतस्थळावर लिहिलेला एक निबंध मला मित्राने पाठवला होता आणि मी तो मशीनने हिंदी करून वाचत होतो. ताईने मागून डोकावून पाहिलं आणि हसत सुटली. "हे काय वाचून राहिला रे? 'कीडा निकालना मेरा पेशा है'... हा माणूस काय शेतकरी आहे का?" प्रोग्राममधल्या चुकीला इंग्रजीत 'बग' म्हणतात, मशीनने त्याचा कीडा केला होता. मग तिनेच खुर्ची ओढली आणि तो निबंध मला तोंडी मराठीत सांगितला. त्या दिवसापासून आमचे रविवार ठरले.

शाळेतल्या हजेरीपटाच्या कोऱ्या उरलेल्या वह्यांमध्ये ती आठवडाभर भाषांतर लिहायची आणि रविवारी दुपारी मला वाचून दाखवायची. 'स्टार्टअप'ला मराठी शब्द शोधण्यात तिने दोन रविवार घालवले. नवउद्योग लिहिलं, खोडलं, शेवटी म्हणाली, "चलो, स्टार्टअपच राहू दे. घमापुरातल्या पोरांना तोच कळेल." प्रोग्राम लिहिणं म्हणजे आपला विचार किती धूसर आहे हे यंत्रासमोर कबूल करणं, असं एका निबंधात होतं. ते वाक्य तिने तीनदा वाचलं होतं. मी सुरुवातीला सगळ्यालाच मान डोलवायचो. ती वही मिटायची. "हो म्हणू नको. काहून पटलं ते सांग. नाही पटलं तर काहून नाही, ते सांग." मला राग यायचा. पण मी विचार करायला शिकलो असेन, तर त्या रागात शिकलो.

त्याच वर्षी माझं वीज खात्यातलं नेमणूकपत्र आलं. कनिष्ठ अभियंता. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. विहारातही नेऊन दिले. आमच्या घरातली ही पहिली खुर्ची-टेबलाची नोकरी होती. तोवर सगळे हातात पाना घेऊनच निवृत्त झाले होते. आणि माझ्या डोक्यात तेव्हा पनागरची भाजीमंडी होती. मटाराच्या दिवसांत सगळे शेतकरी एकाच सकाळी माल आणतात, भाव कोसळतो, तिसऱ्या दिवशी मंडी रिकामी. कोण उद्या किती पोती आणणार हे आदल्या संध्याकाळी फोनवर कळलं तर? असा प्रोग्राम मी अर्धा लिहूनही ठेवला होता. हजर व्हायला बारा दिवस उरले होते, तेव्हा ताईने एक नवा निबंध वाचून दाखवला. विषय होता, चालून आलेली नोकरी नाकारून स्वतःचं काही सुरू करावं का. लिहिणारा म्हणत होता की सुरक्षित वाटणारी वाट बहुधा दुसऱ्यांनी आखलेली असते आणि तिच्यावर चालताना आपण आपल्याच मताला वापराविना गंज चढू देतो. मी त्या दिवशी मान डोलवली नाही. मी प्रश्न विचारले, वाद घातला, दोन तास. ताईने माझ्या प्रत्येक प्रश्नाला निबंधातून उत्तर दिलं. संध्याकाळी घरी येऊन मी बाबांना सांगितलं की मी हजर होणार नाही.

बाबा जेवत होते. त्यांनी हात धुतला. "कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणी नाही. निर्णय माझा आहे."

"मधूकडे काय वाचत असतोस ते मला माहीत आहे."

"वाचलं, बाबा. पण ठरवलं मी."

त्यानंतर दीड वर्ष बाबा माझ्याशी थेट बोलले नाहीत. "त्याला सांग, पाणी आलं आहे," असं आईला सांगायचे, मी समोर उभा असताना.

मंडीचा प्रोग्राम एक हंगाम चालला. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी खोटे आकडे टाकायला सुरुवात केली, कारण आपण जास्त माल आणणार हे उघड करून भाव पाडून कोण घेईल? हे मला आधी सुचायला हवं होतं. दोन वर्षांत सगळं बंद झालं. घरात माझ्यावर विसंबून राहण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि एका सकाळी बाबा खाकी शर्ट घालून निघाले. एका खासगी शाळेच्या फाटकावर ते दरवान म्हणून लागले होते, वय वर्षं त्रेसष्ट. घरात कुणाला विचारलं नाही. मी एकदा त्या रस्त्याने गेलो आणि ते एका मुलाची सायकल आत घेताना दिसले. मी मान खाली घालून पुढे निघून गेलो. त्यांनी मला पाहिलं होतं, हे मला पक्कं माहीत आहे.

मग मला नागपूरच्या कंपनीत काम मिळालं. सुरुवातीची दोन वर्षं तिथेच राहावं लागलं. रोज इंग्रजीतच लिहावं-बोलावं लागत असल्याने हळूहळू ती भाषा अंगवळणी पडली. एका दुपारी डबा खाता खाता मी तो निबंध मूळ इंग्रजीतून उघडला, सहज, ओळखीच्या माणसाला भेटावं तसा. पाचव्या परिच्छेदापर्यंत सगळं ताईच्या शब्दांत आठवत होतं. आणि मग चार परिच्छेद असे आले, जे मी कधी ऐकलेच नव्हते. लिहिणारा म्हणत होता की मी हे सारं ज्यांना सांगतो आहे त्यांच्या पाठीमागे घर उभं आहे, माझ्याही होतं. ज्याच्या कोसळण्याचा भार घरातल्या दुसऱ्या कुणाला उचलावा लागणार आहे, त्याने माझं ऐकण्याआधी त्या माणसाशी बोलावं. त्याची भीती हा अडाणीपणा नाही, तोही एक विचारच आहे... डबा तसाच राहिला. जबलपूरला आल्यावर मी भाऊजींकडून वही मागवली. पाचव्यानंतर सरळ दहावा परिच्छेद होता. मध्ये खाडाखोड नाही, रिकामी जागा नाही. अक्षर तसंच गोल, शांत.

मी वही घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. ती उत्तरपत्रिका तपासत होती. तिने वहीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. नाकारण्याचा प्रयत्नही केला नाही.

"मुद्दाम?" मी विचारलं.

"हो."

"काहून?"

"तू बाबांचा विचार केला असतास आणि थांबला असतास. मी थांबली होती, प्रशांत. पुण्याला शिकायला जायचं होतं, आमच्या बाबांकडे पाहून थांबली. तुला तसं थांबताना पाहवत नव्हतं मला." मग म्हणाली, "पण ठरवलं तूच होतंस."

"अर्ध्या निबंधावर?" माझा आवाज चढला, भाऊजी आतून बाहेर आले. "दर रविवारी मला म्हणायचीस, स्वतः विचार कर. आणि विचार कशावर करायचा ते तू ठरवून ठेवलं होतंस! बाबांना फाटकावर उभं केलं ते मी नाही, ताई. आपण दोघांनी."

मी वही टेबलावर टाकली आणि निघालो. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लग्नकार्यात समोर आली तर मी दुसऱ्या पंगतीत बसायचो.

या हिवाळ्यात तिला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं कळलं, आणि कळलं तेव्हाच उशीर झाला होता. मी तोवर जबलपूरला परतून घरून काम करू लागलो होतो. भाऊजी म्हणाले, ती तुझं नाव घेते आहे. मी तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी दुपारी इस्पितळात गेलो. ती इतकी बारीक झाली होती की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. मला पाहून म्हणाली, "बोलू नको, चालेल. फोनमध्ये तो निबंध आहे ना? ते चार परिच्छेद मराठीत सांग मला. मी कधी केलेच नाही."

मी स्टुलावर बसून भाषांतर करू लागलो. शब्द सापडत नव्हते, मध्येच हिंदी घुसत होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी आमच्याकडे पाहत होती. "ज्याच्या पडण्याचा भार..." मी म्हणालो, तर ताईने डोळे न उघडताच बोट हलवलं. "पडणं नाही. कोसळणं. पडलेला माणूस स्वतःच उठतो." मी दुरुस्त केलं. चौथा परिच्छेद संपला तेव्हा तिने डोळे उघडले. "हे तेव्हा ऐकलं असतंस तर नोकरी घेतली असतीस?"

मी फोन खिशात टाकला. माझ्या मनात राग होता, कीव होती, आणि सगळ्यांच्या तळाशी एक भीती होती की उत्तर 'नाही' असेल... मग मी इतकी वर्षं कुणावर चिडलो होतो? "तू आराम कर," म्हणालो आणि उठलो. दारातून वळून पाहिलं नाही.

विहारात शोकसभा झाली. पनागरहून ताईच्या पाच-सहा जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. त्यातली पूजा नावाची, आता बीएस्सी झालेली, बोलायला उभी राहिली. ताई शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबरही हे निबंध वाचायची, हिंदीतून, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पूजा म्हणाली, "नौकरी वाला निबंध मैडम हमेशा बीच से शुरू करती थीं. कहती थीं, यह हिस्सा मैंने एक बार अपने ही भाई से छुपाया था. इसलिए तुम लोग पहले यही सुनो." पुढच्या रांगेत बाबा बसले होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नसणार असं मला वाटत होतं, मी कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. ती हलली नाही.

घरी आल्यावर मीच विषय काढला. "बाबा, ती पोरगी जे म्हणाली..."

"मला माहीत आहे. तू मधूशी भांडलास ना, त्याच आठवड्यात ती आली होती. इथंच बसली. चारही परिच्छेद पुस्तकातून सांगावेत तसे सांगितले तिने मला."

म्हणजे ते तिने मराठीत केले होते... फक्त माझ्यासाठी नव्हते केले. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पोरी, हे त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहिलेलं आहे. त्याने तर तरीही नोकरी सोडलीच असती, माझा पोरगा आहे तो. पण हे मला तेव्हा वाचून दाखवलं असतंस, तर लिहिणाऱ्याला माझी भीती समजते एवढं तरी कळलं असतं. मी त्याच्याशी बोलणं सोडलं नसतं." बाबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "रडायला लागली. मग मी तिला चहा करून दिला."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तिने नको म्हटलं. म्हणाली, तो स्वतःहून येईल."

मी गेलो होतो, पण बोलावल्यावर. आणि परतलो तेही उत्तर न देता. याला आता इलाज नाही, हे लिहून तो होईल असंही मला वाटत नाही.

भाऊजींनी ताईच्या एकवीस वह्या माझ्याकडे आणून दिल्या. गेल्या महिन्यापासून मी रविवारी पनागरला जातो. पूजा आणि तिच्या तीन मैत्रिणी शाळेजवळच्या एका घराच्या ओसरीवर जमतात. माझं भाषांतर ताईसारखं नाही, मुली हसतात. दुसऱ्याच रविवारी पूजाने सांगितलं की पटवारीच्या, म्हणजे तलाठ्याच्या, परीक्षेत तिची निवड झाली आहे, आणि परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक ॲप बनवायचंही तिच्या डोक्यात आहे. "सर, आप होते तो क्या करते?" चौघी माझ्याकडे पाहत होत्या. उत्तर माझ्या जिभेवर होतं. कोणतं, ते इथेही लिहीत नाही. मी तिला पूर्ण निबंध वाचून दाखवला, एकही ओळ न सोडता. मग बाबांचं फाटक सांगितलं, खाकी शर्टासकट. आणि म्हटलं, घरी जाऊन बोल.

बुधवारी तिचा फोन आला. "जॉइन कर रही हूँ, सर. ऐप भी बनाऊँगी. और सर, वो लिखने वाला ग़लत है. डर वाली बात भी उसने पूरी नहीं समझी."

"कहाँ ग़लत है? बताओ," मी म्हणालो.

वीस मिनिटं ती बोलली. मी दोनदा मध्ये तोंड घातलं, दोन्ही वेळा तिने मला गप्प केलं.