देवीपुढे नऊ दिवस चढवलेलं धनुष्य

रानडुकराच्या शिकारीला मला नेणार होता तो आमच्या वेअरहाऊसमधला साठीचा फोर्कलिफ्टवाला. नऊ वर्षं काढली मी त्या कंपनीत. दर ख्रिसमस पार्टीत हातात लेमनेड धरून भिंतीला टेकून उभा राहिलो, पण कुणी कधी घरी ये म्हणालं नाही. हा म्हणाला. न्यू साउथ वेल्समध्ये त्याच्या मेव्हण्याच्या शेतात डुकरांनी गव्हाची पार नासधूस केली होती. "बंदूक नाही, धनुष्य," तो म्हणाला. "शिकलास तर नेतो."

शिकलो. च्यायला, चाळिशीत खांदे भरून येईस्तोवर शिकलो. हिवाळाभर दर रविवारी टार्निटच्या आमच्या घरून गाडी काढून त्याच्या घरी, मागच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणातल्या कुरणात, पंधरा पावलांवरून पोत्यावर बाण मारत बसायचो. त्याने माझ्या हाताच्या मापाने एका सलग लाकडातून धनुष्य तासून दिलं. चार महिने खपला त्यासाठी. देताना एकच गोष्ट बजावली, की काम झालं की दोरी उतरव. लाकूड वाकलेलं राहिलं तर त्याला तीच सवय लागते आणि जोर जातो. दोरी उतरव, दोरी उतरव. आईनेसुद्धा मला एवढ्या वेळा काही सांगितलं नसेल.

आता माझा गाढवपणा ऐका. शिकार ठरली दसऱ्यानंतरच्या शनिवारी. बायकोने घट मांडले आणि शेजारी मी धनुष्य ठेवलं. आमच्या साताऱ्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. इथे इतकी वर्षं मी स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप पुजत आलो होतो, यंदा खरंखुरं शस्त्र होतं. आणि दोरी उतरवलेलं धनुष्य म्हणजे नुसती काठी, ती फोटोत काय दिसणार? चढवली दोरी, लावलं कुंकू, काढला फोटो, टाकला भावकीच्या ग्रुपवर. काका लोकांनी तलवारींच्या इमोजी पाठवल्या. ज्या चुलत भावाने मला 'ऑस्ट्रेलियातला हमाल' म्हटलं होतं, त्यानेही 'वाघ आहेस' लिहिलं. फुगलो मी.

संध्याकाळी दोरी उतरवायला गेलो तर बायको आडवी आली.

"ए, हात नको लावूस. देव बसलेत. घटापाशी ठेवलंस ना, आता दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही."

"अगं, लाकूड खराब होईल."

"मग ठेवायचं नव्हतंस."

भांडता आलं असतं. देवीला हात जोडून माफी मागून उचलता आलं असतं. पण खरं सांगतो, मला देवीची भीती नव्हती. घटावर रोज नवी माळ चढत होती आणि रोज नवा फोटो ग्रुपवर जात होता. बायको आडवी आली ते माझ्या पथ्यावरच पडलं.

दसऱ्याला दोरी काढली. धनुष्य सरळ व्हायचं नावच घेईना. पुन्हा चढवून घरामागे पोतं ठेवून बाण मारून पाहिला तर पोत्याच्या अलीकडेच मान टाकली त्याने.

शुक्रवारी आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, फोर्कलिफ्टवाल्याकडे सामान तपासायला गेलो. त्याने धनुष्य डोळ्यापाशी धरून एकदा लांबीवर नजर फिरवली.

"दोरी चढवून ठेवलीस?"

"नाही रे. एकदाही नाही. गाडीत उन्हात राहिलं असेल."

त्याने मुठीच्या जागेवर अंगठा घासला. अंगठा लाल झाला. "हे काय?"

"मुलगी कलर करत होती, तिने लावलं."

देवीच्या कुंकवाला कलर म्हणालो आणि खापर फोडलं पोटच्या पोरीवर. कुंकू म्हणजे काय हे त्या माणसाला माहीत नव्हतं, पण थाप कळायला ते माहीत असावं लागत नाही.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"धनुष्य दुसरं होईल," तो म्हणाला. "माझीही मोडलीत. पण उद्या तू डुकरावर बाण सोडणार आणि तो कुठे लागला ते फक्त तू पाहिलेलं असणार. काळजात लागला असेल तर ठीक. पोटात लागला असेल तर ते चवताळून गवतात दडून बसतं. मी तुला विचारणार, आणि तू सांगशील त्यावर विसंबून त्या गवतात मी शिरणार." धनुष्य माझ्या हातात परत देत म्हणाला, "तू मला काय सांगशील?"

अजूनही वेळ होता. 'चुकलो, फोटोसाठी ठेवलं होतं' एवढंच म्हणायचं होतं. "उन्हानेच झालं असेल," मी पुन्हा म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण म्हणालो.

"नो वरीज, मेट," तो म्हणाला आणि आपलं सामान गाडीत भरायला लागला. शनिवारी तो एकटाच गेला.

सोमवारी लंच रूममध्ये मी त्याला सगळं सांगून टाकलं. घट, कुंकू, भावकी, फोटो, मुलीवर घेतलेला आळ, सगळं. त्याने सँडविच खाता खाता शांतपणे ऐकलं, मान हलवली, 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणाला आणि कप विसळायला उठला. आता खरं बोलून काय उपयोग? आता कुणाला गवतात शिरायचं नव्हतं.

त्याने मला पुन्हा बोलावलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोलावलं नसतं.