वहिनीचा शाम्पूचा तांब्या

आमच्या घरात शाम्पूची एक पुडी तीन डोक्यांना पुरवावी लागायची. वहिनी, मी आणि वहिनीची लहानगी. खर्डा गावाच्या पुढं आमची कोरडवाहू जमीन, आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर... त्यात केसांचे लाड कुठले? तरी रविवारी वहिनी मला मोरीतल्या दगडावर बसवायची. पुडी पितळी तांब्यातल्या पाण्यात पिळायची, हातानं ढवळायची आणि ते पाणी थोडं थोडं केसांच्या मुळाशी सोडत बोटांच्या पेरांनी चोळायची. नख लागू द्यायची नाही. "फेस खाली उतरंल तसं शेंडं आपूआप निघत्यात," म्हणायची.

वहिनी गेल्याचा भावाचा फोन आला तेव्हा मी नगरला, प्रशिक्षण केंद्रात शिकवताना, फळ्यावर 'केस धुण्याची योग्य पद्धत' असं लिहीत होते. त्याला आता दीड महिना झाला. त्या दिवशी ती ओळ अर्धीच राहिली.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे, आणि लपवायचं कशाला, तेव्हा माजही होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलच्या दोन मैत्रिणींना घेऊन गावी गेले. सकाळी वहिनीनं सवयीनं तांब्या ढवळायला घेतला. मैत्रिणी बघतायत म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, शाम्पू हाय का ताक?" त्या खिदळल्या. वहिनीही हसली. "ताकच की, वन्सं. तुमच्या डोक्यात लई उष्णता झालीय, म्हणून पाजतीय."

पण त्यानंतर मी गावी गेले की मोरीत माझ्यासाठी अख्खी पुडी वेगळी ठेवलेली असायची. माझ्यासमोर तिनं तांब्या पुन्हा काढला नाही. आणि मी शहाणी, ती पुडी अर्धवट ओल्या केसांवर एकाच जागी पिळायचे, वरून नखांनी खरवडायचे. टाळू खाजायची, कोंडा पडायचा. खापर मी गावच्या मचूळ पाण्यावर फोडायचे.

पदवीनंतर केसांची निगा राखण्याचा कोर्स केला. पहिल्याच आठवड्यात बाईंनी शिकवलं... केस आधी मुळापर्यंत भिजवा, शाम्पू मगातल्या पाण्यात पातळ करा, टाळूला लावा, पेरांनी चोळा, शेंडे खाली येणाऱ्या फेसानंच साफ होतात, बुळबुळीतपणा जाईपर्यंत पाणी घाला. माझे कान तापले. त्या संध्याकाळी फोन करून 'वहिनी, तुझंच बरोबर होतं' एवढंच म्हणायचं होतं. नाही केला.

याहून वाईट पुढंच आहे. गेल्या वर्षी आमच्याच गावात, बचत गटाच्या बायकांसमोर, मी हे सगळं करून दाखवलं. शास्त्रीय पद्धत म्हणून. वहिनी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारची म्हातारी लगेच म्हणाली, "आगं, ही तर कवाधरनं आशीच न्हाती की! त्यात तुझं काय नवीन?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी तोंड उघडायच्या आत वहिनी उठली. "मला वन्संनीच शिकवलं, कॉलेजात हुत्या तवा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या.

संध्याकाळी स्टँडवर सोडायला आली तेव्हा गाडी लागेपर्यंत तिनं माझी पिशवी धरून ठेवली. मग हळूच म्हणाली, "बराबर बोलले ना मी? तुमचं काय कमी तर न्हाई पडलं?"

"नाही," म्हणाले. एवढंच. गाडी सुटली... आमची ती शेवटची भेट.

दहाव्यानंतर भावाकडं मी तांब्या तेवढा मागितला. आतून, गळ्याखालच्या खाचेत, जिथं घासताना बोटं नीट पोचत नाहीत तिथं, शाम्पूचा पांढरट थर आहे. मी तो घासलेला नाही.

परवा वर्गात प्लास्टिकचा मग बाजूला ठेवला आणि तांब्यात पाणी घेतलं. फळ्यावर ती ओळ पुरी लिहिली, खाली वहिनीचं नाव लिहिलं, सुमन. बायकांना सांगितलं की ही पद्धत तिची, ती चौथी शिकलेली होती, मी तिला चारचौघींत हसले होते आणि तिच्या टाळ्या मी घेतल्या होत्या. मग त्या तांब्यातल्या पाण्यानं वर्गातल्या सगळ्या जणी केस धुवायला शिकल्या.