कोरी राहिलेली सही

नर्सिंग पूर्ण झालं तेव्हा आम्ही हातात मेणबत्त्या धरून शपथ घेतली होती. रुग्णाला अपाय होईल असं काही करणार नाही, वगैरे. मी ती चांगली खणखणीत आवाजात म्हटली होती. स्वतःच्या प्रामाणिकपणाची तेव्हा मला फार खात्री होती.

बोईसरच्या एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात लागून मला चार महिने झाले होते. इंजेक्शन दिलं की तिथल्या तिथे चार्टवर सही करायची, हा आमचा पहिला धडा. पण आमच्या वॉर्डात सगळ्याजणी राउंड संपला की टेबलाशी बसून एकदम सह्या ठोकत. मीही तेच करू लागले. नवी असून शहाणपणा कोण शिकवणार?

त्या दुपारी जेवणाआधी मी जव्हारकडच्या एका म्हातारीला इन्सुलिन दिलं. तेवढ्यात खाली कारखान्यातला भाजलेला कामगार आणला, आणि मी तशीच धावले. वॉर्डातल्या माझ्या जोडीदारणीने चार्टवर सहीची कोरी जागा पाहिली, डोस राहिला असं समजून पुन्हा इन्सुलिन दिलं आणि चोखपणे लगेच सहीही केली.

दोनच्या सुमाराला म्हातारी घामाने निथळली, बरळू लागली. साखर पार खाली गेली होती. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. ती शुद्धीवर आली, तसे ते तिच्या मुलीवर घसरले. इंजेक्शननंतर आईला पोटभर जेवू घातलं नाहीस, म्हणून हे झालं. मुलगी सालवडला राहायची, कामावर खाडा करून बसली होती. अख्खी भाकर खाल्ली हाय तिनं, असं ती पुटपुटली. कोणी ऐकलं नाही.

मी वर आले आणि चार्टवर जोडीदारणीची सही पाहिली. काय झालंय ते फक्त मला कळलं होतं. डॉक्टर म्हणत होते, ही बाटली संपली की संध्याकाळी घरी सोडू. दोन डोसांनी साखर पुन्हा उतरणार होती, आणि मुलीच्या सालवडच्या खोलीत ते कोणाला कळलं असतं? खरं सांगते, गप्प बसावंसं वाटलं. नोकरी जाईल, जोडीदारीणही अडकेल, असं मनात घोळवत मी एकच ट्रे तीनदा पुसला. मुलगी मुसमुसत होती. मला तर तिचाच राग आला, की ही रडायची थांबत का नाही.

"सर, इन्सुलिन दोनदा गेलंय," मी म्हणाले. "पहिलं मी दिलं. सही केली नाही."

डॉक्टरांनी आधी ग्लुकोज चालू ठेवायला आणि तासातासाला साखर बघायला सांगितलं. मग मला जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहीत नाही.

मुलीला मीच जाऊन सांगितलं, की तुमचं काही चुकलं नाही, चूक माझी आहे. ती मटकन स्टुलावर बसली. मंग माझी भाकर पुरी होती, असं म्हणून तिने डोळे पुसले. मला वाटलं, सुटले.

तासाभराने साखर बघायला मी म्हातारीचं बोट हातात घेतलं, तशी मुलगी मधे येऊन उभी राहिली.

"तुमी सांगितलंत ते बरं केलंत. पन माझ्या आयेला आता तुमी हात नका लावू."

मी मशीन जोडीदारणीच्या हातात दिलं आणि दाराशी जाऊन उभी राहिले. साखर पुन्हा खाली आली होती.