सीलबंद बॅटरी, सीलबंद कार्ड

मी सिग्नल्समधला हवालदार. ऐंशीच्या दशकात आमची पोस्टिंग उत्तरेला, बर्फात होती. बेसवरचा रेडिओ माझ्याकडे, वरच्या चौकीचा नाईक भोईरकडे. भोईर ठाण्याजवळच्या बाळकुमचा कोळी. मासळीशिवाय त्याला घास उतरत नसे आणि वर मिळायची डबाबंद भाजी, म्हणून आम्ही त्याला फार छळायचो.

आमची एक शिस्त होती. रेडिओचं सामान ताब्यात घेताना नुसतं लावून नव्हे, बोलून बघायचं. पलीकडून उत्तर आलं तरच सही. चौकीवर जायच्या आदल्या दिवशी भोईरला जादा बॅटरी मिळाली, नवी, सीलबंद. त्याने ती तपासायला मागितली.

स्टोअरचा हवालदार खेकसला, "सील नहीं टूटेगी. टूटी तो वापस जमा नहीं होगी. नंबर वही है, लग जाएगी."

लागली. नंबर तोच, पिना त्याच, आतला माल वेगळा. पहिली बॅटरी संपल्यावर भोईरने ती जोडली. तिच्यात ऐकण्यापुरती ताकद होती, बोलण्यापुरती नव्हती. त्यातच चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. आम्हाला खाली पत्ताच नाही. मी दिवसभर बोलावत होतो.

"भोईर, बेस बोल रहा है. जवाब दो. ओव्हर."

साहेब म्हणाले, हवामान खराब आहे, सकाळी बघू. सकाळी मी तुकडीबरोबर वर गेलो. भोईर बर्फाखाली संपला होता, हँडसेट त्याच्या कानाशी होता. त्यातून बेसवर माझ्या जागी बसलेल्या ऑपरेटरचा आवाज येत होता, जवाब दो.

खाली आल्यावर मी स्टोअरच्या हवालदाराची कॉलर धरली. मला शिक्षा झाली. त्याला काही झालं नाही. तो समोर आला तर आजही धरीन.

निवृत्त होऊन मी डोंबिवलीला आलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. भोईरची मुलगी मनीषा मला ठाण्यात खोपटच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेली. तिला तिथेच नोकरी मिळत होती. अट एकच, आपला लॅपटॉप सोमवारी ऑफिसच्या नेटवर्कला जोडून दाखवायचा. तिच्या सेकंडहँड लॅपटॉपवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स होतं. अडलं होतं नेटवर्क कार्डावर.

"हेच मॉडेल ना, मॅडम? घ्या," दुकानदार म्हणाला.

"मॉडेल तेच आहे ओ, पण कंपनीने आतली चिप बदललीय. लिनक्सला जुनीच चालते. लावून बघू?"

"सील तोडलं तर परत घेणार नाय. खाचेत बसलं म्हणजे चालणार."

माझं डोकं फिरलं. मी काउंटरवर हात आपटला. "तोड सील! आत्ताच्या आत्ता तोड!"

त्याने घाबरून तोडलं. कार्ड बसलं, हिरवा दिवा लागला.

"लागली ना लाइट? उगाच ओरडताय, काका."

"बॅटरी पण लागली होती!" मी ओरडलो.

त्याला काही कळलं नाही. मनीषाला कळलं. तिने माझा हात घट्ट धरला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवला. लिनक्स कार्डाला ओळखतच नव्हतं. मग त्याने निमूटपणे कपाटाच्या तळातून जुन्या मालातला, धुळीने भरलेला खोका काढला. तेच मॉडेल, पण जुन्या चिपचं. मनीषाने ते कार्ड बसवलं, वायरने दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडलं आणि काहीतरी टाइप केलं. आम्ही थांबलो.

"उत्तर आलं, काका."

सोमवारी ती नोकरीवर रुजू झाली. भोईरलाही एवढंच हवं होतं, एकदा लावून, बोलून बघायचं होतं.