मागे मागे चालताना

लोणावळ्याची आठवण आली की मला आधी ढग आठवतात, माणसं नंतर. खिडकीतून ढग आत यायचा, खाटेखालून रमतगमत फिरायचा आणि समोरच्या दाराने निघून जायचा. मी पडल्या पडल्या त्याच्याकडे रागाने बघायचे. याला एकही पाय नाही तरी हा हिंडतो आणि मला दोन असून मी आडवी, असं मनात यायचं. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच आहे. भांडायला माणूस मिळालं नाही तर मी ढगाशी भांडते.

लढाईची वर्षं होती ती. माझं सासर कामशेतचं, बाजारात तांदळाचं दुकान. माहेर पवनेच्या बाजूला, तिथे आमची भाताची खाचरं. बाळंतपणाला माहेरी गेलेली मी थंडीत सासरी परत निघाले, ती भाताची पोती भरलेल्या बैलगाडीवर बसून. पाच महिन्यांची मुलगी मांडीवर. उतारावर एक चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी कलंडली. मुलीला मी दोन्ही हातांनी वर धरलं होतं, तिला ओरखडाही आला नाही. माझ्या उजव्या मांडीवर पोतं येऊन पडलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि मला वाटलं, गाडीचंच काहीतरी मोडलं.

पुण्याच्या इस्पितळात माझा पाय वजनं लावून टांगून ठेवला. हाड जुळेपर्यंत असाच राहणार, असं डॉक्टर म्हणाले. आमचे हे भेटायला आले तेव्हा मी पहिलं विचारलं, "तिला न्हाऊ कोण घालतं?" हे म्हणाले, "वहिनी घालते." मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी आत काहीतरी टोचलं. आमच्याकडे तान्ह्या मुलाला न्हाऊ घालायचं म्हणजे पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायचे, त्या पायांवर मुलाला पालथं घालायचं आणि कोमट पाणी ओतत चोळायचं. त्या टांगलेल्या पायावर मला मुलीचं ओझं जाणवायचं. डोळे मिटले की तिचं ओलं पोट माझ्या नडग्यांवर यायचं, आणि उघडले की वर नुसती दोरी.

जाऊबाई माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांना मूल नव्हतं. बाई सोन्यासारखी. त्यांच्यावर रागवायला मला कारण मिळेना, याचाच मला राग यायचा.

होळीच्या सुमारास घरी आले. हाड जुळलं होतं, पण गुडघा लाकडासारखा. मांडी तर इतकी वाळली होती की माझीच मला ओळखू येईना. घरच्यांनी मात्र माझं स्वागत असं केलं की काही बोलायची सोय नाही. मला वाकावं लागू नये म्हणून बाजेच्या पायांखाली विटा लावून ती उंच केली. दुकानात बड्या गिऱ्हाइकांसाठी एकुलती एक खुर्ची होती, ती उचलून माझ्यासाठी घरात आणली. सासरे स्वतः खाली चटईवर बसायचे आणि सून खुर्चीत! त्यांच्या मायेला तोड नव्हती. पण आमचं सगळं घर जमिनीवर जगत होतं. जेवणं खाली, तांदूळ निवडणं खाली, नमाज खाली, गप्पा खाली, रुसणंसुद्धा खाली. मी तेवढी वर, पाहुण्यासारखी.

मुलगी रांगायला लागली होती. तिच्या जगात माझी फक्त पावलं होती. एकदा ती रांगत आली. तिने खुर्चीचा पाय धरला, मग माझा पाय धरला, मग पुन्हा खुर्चीचा. तिला दोन्ही सारखेच लागले असावेत. ती वळून चुलीकडे गेली, जाऊबाईंच्या मांडीत चढली आणि म्हणाली, "आई."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "लेकराला काय कळतंय," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मी सांगते की तिला. ए बयो, ती बग, ती तुजी आई. मी न्हाई." त्यांनी मुलीला उचलून माझ्याकडे बोट दाखवलं. मुलगी खुदकन हसली आणि तिने त्यांच्या मानेत तोंड लपवलं. मी भिंतीकडे बघत राहिले. त्या दिवशी मला कळलं की मला चालायचं वगैरे काही नव्हतं. मला खाली बसायचं होतं. ती मोठी व्हायच्या आत, तिच्या उंचीवर.

लोणावळ्यात माझी मावशी राहायची, तिचे यजमान रेल्वेत होते. तिच्याकडून कळलं की तिथे एक नर्सबाई आहेत, फौजेच्या इस्पितळात जखमी शिपायांना मालिश करून, कसरत घेऊन हिंडते-फिरते करायचं काम शिकलेल्या. ह्यांनी मला उचलून गाडीत बसवलं आणि मावशीकडे सोडलं. मुलगी कामशेतलाच राहिली. निघताना ती जाऊबाईंच्या कडेवर होती आणि आगगाडीला टाटा करत होती. मला करत नव्हती, आगगाडीलाच करत होती.

नर्सबाई नगरकडच्या ख्रिस्ती. उंच, सावळ्या, हाताला कायम तेलाचा वास. कुणा मुंबईकराच्या बंद बंगल्यामागे त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे लांब फरशीचा व्हरांडा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुला काय करता यायला हवंय?"

"खाली बसता."

"बाकी सगळे चालायचं म्हणतात."

"चालून कुठे जाऊ, बाई? माझं सगळं खाली आहे."

त्यांनी माझा गुडघा चाचपून बघितला. मग म्हणाल्या, "बसशील. पण बसायच्या आधी उभं राहावं लागेल."

मग सुरू झालं. एका गुळगुळीत फळीवर रांगोळीच्या शिरगोळ्याची पूड भुरभुरायची, तिच्यावर टाच ठेवायची आणि घसरवत घसरवत पाय जवळ ओढायचा. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. गरम पाण्यात पिळलेली फडकी गुडघ्याला गुंडाळायची आणि मग बाई तो गुडघा दाबायच्या. अशा दाबायच्या की त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार माझ्या ओठावर यायचा. "रड, शिव्या दे, पण पाय थांबवू नको," एवढंच त्या म्हणायच्या. मी तिन्ही गोष्टी मनापासून केल्या.

ढग येत होते, जात होते. डोंगरातून आगगाडीची शीळ यायची आणि विरून जायची. वेदना ओसरली की मला एक गुंगी चढायची. त्या गुंगीत मी कधी कामशेतच्या ओसरीवर असायचे, कधी माहेरच्या बांधावर. मांडीत हळूहळू जीव येत होता, मातीत पाणी मुरावं तसा.

पण उभं करून "टाक पाऊल" म्हटलं की माझं सगळं संपायचं. बाई माझे हात धरून स्वतः मागे सरायच्या आणि मी पुढे यायचं. मी पुढे बघितलं की ती फरशी मला उताराची दिसायची. चाक खड्ड्यात जायचं, पोतं पडायचं. पाय जमिनीला खिळायचा. बाई म्हणायच्या, "पाय तयार आहे. तूच तयार नाहीस." मला हे ऐकून संताप यायचा, कारण ते खरं होतं.

आषाढ होता. एका सकाळी व्हरांडा धुवून काढला होता आणि फरशीवर पाणी साचलं होतं. ढग इतका दाट की बाईंचा चेहराही पुसट दिसत होता. मी त्यांचे हात धरून उभी होते. पावलांना गार पाणी लागलं, बोटांच्या फटीत शिरलं. कुठूनतरी ओल्या गवताचा वास आला. आणि माझा पाय उचलला गेला. मी काही केलं नाही, शपथेवर सांगते. तो आपला आपण उचलला, मागे गेला आणि टेकला. मग दुसरा.

"थांब," बाई म्हणाल्या. "काय केलंस?"

"मागे गेले."

"परत जा."

मी गेले. व्हरांड्याच्या टोकापर्यंत मागे मागे गेले, न अडखळता, आणि बाई माझे हात धरून माझ्यामागून यावं तशा समोरून येत राहिल्या.

ज्याने भात लावलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे भातलावणीला आवणी म्हणतात. आवणीत कुणी पुढे चालत नाही. पुढे चाललं तर आपलीच रोपं तुडवली जातील. चिखलात वाकायचं, रोप खोचायचं आणि एक पाऊल मागे. मी शाळेत जायच्या आधीपासून हे करत आले होते. आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, पाठीला डोळे नसतात. दिसतं ते फक्त मागे ठेवलेलं, आणि ते हिरवं होत जातं. सगळ्या बायका एका ओळीत, सगळ्या मागे सरताहेत, समोर हिरवं वाढतंय, वर धुकं. त्या गार फरशीवर मी त्या ओळीत परत जाऊन उभी राहिले होते. माझी आई एका बाजूला होती, बहिणी दुसऱ्या बाजूला, आणि कुणाच्याही हाडाला अजून काही झालेलं नव्हतं.

बाई हसून हसून बेजार झाल्या. "शिपाई बघितले, साहेब बघितले, पण असा खेकडा पहिलाच," म्हणाल्या. मग मात्र त्यांनी मला रोज आधी मागे चालवलं आणि मध्येच, माझं लक्ष नसताना, पुढे. मावशीला हे मुळीच पसंत नव्हतं. "उलटी पावलं कुणाची असत्यात ठावं हाय ना? तिन्हीसांजेला असलं काय करत जाऊ नगंस हितं," ती बजावायची आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची. मी मुद्दाम तिच्या स्वयंपाकघरात मागे मागे चालत जायचे.

पुढे चालणं आलं, पण काठी घेऊन, लंगडत. गुडघा वाकू लागला. खुंटीला बांधलेली दोरी धरून मी इंच इंच खाली जायचे. एके दिवशी बुड जमिनीला टेकलं. मी फरशीवर दोन्ही तळवे टेकवून बसले आणि हमसून हमसून रडले. बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता उठ. उठणं अजून व्हायचंय."

भादव्यात हे मला न्यायला आले. घरी पोचल्यावर मी कुणाला खुर्ची आणू दिली नाही. उंबरठ्याशेजारच्या खुंटीला धरून खाली बसले. दोन्ही पाय लांब केले आणि मुलीला हाका मारल्या. तिने माझ्याकडे बघितलं. नवीन माणसाकडे बघावं तसं, नीट, वरपासून खालपर्यंत. मग तोंड वाकडं करून ती जाऊबाईंच्या पदरात शिरली. एवढ्या मरणयातना सोसल्या त्या यासाठीच का, असं मनात आलं.

दोन-चार दिवसांत माझ्या ध्यानात आलं की मुलगी चालत नाही. भिंत धरून उभी राहायची, बस. जाऊबाईंनी तिला कडेवरून खाली ठेवलंच नव्हतं. "पडंल, लागंल," त्या म्हणायच्या. "तुजी ठेव व्हती ना माज्याकडं. जरा लागलं असतं तर तुला काय तोंड दाखवलं असतं?"

इतके महिने ज्या कडेचा मी हेवा केला, तिथे ही भीती बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर ऊन आलं होतं. मुलगी भिंतीला धरून उभी. तिच्या मागे जाऊबाई. मी काठी भिंतीला टेकवली आणि तिच्यासमोर वाकले, आवणीत वाकतात तशी. दोन्ही हातांचं एकेक बोट पुढे केलं. ती कितीतरी वेळ त्या बोटांकडे बघत होती. मग तिने एक धरलं. मग दुसरं.

मी एक पाऊल मागे गेले. ती एक पाऊल पुढे आली.

मी मागे, ती पुढे. माझ्या पायाला कुठेच अडखळायला झालं नाही. मागे चालणारीला समोरचं सगळं दिसतं. मला तिची लटपटणारी पावलं दिसत होती, आणि तिच्या डोक्यावरून, लांब लांब होत जाणाऱ्या जाऊबाई. त्या जिथे होत्या तिथेच उभ्या होत्या. हात अजून पुढे धरलेले, तिला सावरायला, आणि त्या हातांत काहीच नव्हतं.

ओसरीच्या टोकाशी मी थांबले. मुलगीही थांबली. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून मागे बघितलं आणि मोठ्याने हाक मारली, "आई!"

आम्ही दोघींनीही "ओ" दिली.